आशाताईंच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्या



माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे आता आपल्याला सांगावे लागत नाही. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती गोळा करायची, मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. नमुना चुकला की प्रयोगशाळेचा अहवाल शेताच्या कामाचा राहत नाही. माणसाच्या मनाची पाहणीही पुष्कळशी अशीच असते. फरक एवढाच, की माती काही लपवत नाही.

मनाला थर्मामीटर लावता येत नाही. म्हणून मानसशास्त्राचे अभ्यासक प्रश्नावली आणि मुलाखत ही दोन साधने वापरतात. प्रश्नावलीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारतात. उत्तरेही ठरलेली असतात. त्यामुळे भोकरदनची परतूरशी किंवा यंदाची गेल्या सालाशी तुलना करता येते. मुलाखतीत विचारणारा उत्तराचा धागा धरून पुढे जातो. तिला वेळ लागतो, पण झोप न येण्यामागे सावकार आहे की सांधेदुखी, हे तिथेच कळते.

हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात जालना होता. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे आणि मन खचलेल्या माणसाला उपचारापर्यंत पोचवायचे, अशी त्याची मांडणी होती. अशा कामात जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटली का, झोप कशी होती, भूक, थकवा, लक्ष लागणे, असे तिचे प्रश्न आहेत. 'अजिबात नाही' याला ०, 'काही दिवस' १, 'निम्म्याहून अधिक दिवस' २ आणि 'जवळजवळ रोज' ३ गुण. एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर पुढची तपासणी करावी, असे साधारणपणे धरतात.

ही बेरीज म्हणजे रोगनिदान नव्हे. पेरणीच्या पंधरवड्यात थकवा कोणाला नसतो? अंगात रक्त कमी असले तरी गळून गेल्यासारखे होते. म्हणूनच प्रश्नावलीनंतर डॉक्टरांनी बसून बोलावे लागते.

आता मुख्य गोष्ट. उत्तर कोणासमोर दिले, यावर ते पुष्कळ बदलते. पारावर चार माणसांत 'युरिया किती टाकला?' असे विचारा, शिफारशीएवढाच आकडा ऐकायला मिळेल. बांधावर एकट्याला विचारा, मग खरी पोती मोजता येतात. मनाचेही तसेच. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सून 'मला काय धाड भरलीय?' म्हणणारच. घरधनी मुलांसमोर रडू आल्याचे कबूल करत नाही. तेव्हा आशाताई आल्या की ज्याला प्रश्न विचारायचे त्याला त्यांच्याजवळ एकटे बसू द्या. बाकीच्यांनी गोठ्याकडे एक चक्कर मारून यावी.

विचारणाऱ्यानेही जपावे. 'तुम्हाला काही टेन्शन नाही ना?' या प्रश्नातच 'नाही' हे उत्तर भरलेले आहे. 'नैराश्य' हा शब्द आपल्या बोलण्यात नाही. 'जीव रमत नाही', 'काळीज धडधडतं', 'अन्न गोड लागत नाही' हे आहेत. कागदावरचा शब्द कळला नाही तर पुन्हा विचारा, अंदाजाने हो-नाही करू नका.

खरी उत्तरे मिळाली तर काय साधते? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि नंतर घरोघर पाहणी केली गेली. नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी आधी सुमारे ४ जण मदत घेत होते, नंतर सुमारे २७ जण घेऊ लागले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र कार्यक्रम न राबवलेल्या गावांशी तुलना त्यात नव्हती. खत न दिलेला वाफा शेजारी न ठेवता घेतलेल्या प्रात्यक्षिकासारखेच ते झाले. सगळा फरक कार्यक्रमाचाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. तो विचारल्याने तसे विचार मनात येतात, ही समजूत चुकीची आहे. घरातल्या कोणी त्याला 'हो' म्हटले, तर बेरीज कितीही कमी असो, त्या माणसाला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.