उकळीला होणारा उशीर

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे शालेय पुस्तकातील विधान समुद्रकिनाऱ्यावर खरे असले, तरी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटात ते नेमके लागू पडत नाही, कारण अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचा हा मुलूख उंच पठारावर असल्याने तेथे हवेचा दाब कमी भरतो आणि उघड्या पातेल्यातील पाण्याला साधारण ९८ अंशांनाच उकळी फुटते. त्याच स्वयंपाकघरातील कुकरमध्ये शिटीच्या वजनामुळे दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. उकळणे हा उष्णता आणि दाब या दोहोंमधला व्यवहार असल्यामुळे, तापलेल्या पाण्यावरचा दाब एकाएकी काढून घेतला, तर खाली जाळ नसतानाही त्याला आतून, सर्वांगाने उकळी फुटते. अभियंते याला फ्लॅशिंग म्हणतात. मराठीत त्याला झपाट्याचे उत्कलन म्हणता येईल. कुकरमधील एक किलो पाण्यावरचा दाब असा अचानक गेला, तर जेमतेम ४ टक्के पाण्याची वाफ होते. परंतु लिटरभर पाण्यातून निघालेली ती वाफ साठ-सत्तर लिटर जागा मागते. शिटी पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नये, या घरोघरच्या दंडकामागे हे गणित आहे.

हीच घटना नोझलमध्ये, म्हणजे मध्ये अरुंद होणाऱ्या तोटीत घडते, तेव्हा ती फार अवघड होते. अरुंद भागात द्रवाचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब घटतो, आणि दाब पुरेसा घटला की वाहत्या द्रवातच बुडबुडे धरू लागतात. पाणी आणि बुडबुडे यांचे हे मिश्रण पाण्यासारखे जड, पण वाफेसारखे सहज दबणारे असल्यामुळे त्यातील ध्वनीचा वेग निव्वळ पाण्यातील आणि निव्वळ वाफेतील वेगापेक्षाही पुष्कळ कमी भरतो. दाबातील बदलाची वार्ता ध्वनीच्याच वेगाने जाते. म्हणून मिश्रणाने तो वेग गाठला की बाहेरचा दाब कितीही कमी केला, तरी तोटीतून त्याहून अधिक प्रवाह निघत नाही. याला प्रवाह चोक होणे म्हणतात.

महाराष्ट्रात या गणिताचे मोल सर्वाधिक कळते ते तारापूरला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातील आहेत, आणि अशा भट्टीत पाणी हवेच्या दाबाच्या साधारण ७० पट दाबाखाली, २८५ अंशांच्या सुमारास असते. तिची मोठी नळी तुटली, तर ती फट तोटीसारखी वागते. सेकंदाला किती पाणी निसटेल, यावर आणीबाणीचे थंड पाणी किती त्वरेने पोचले पाहिजे हे ठरते. चालू भट्टीची नळी तोडून हे पाहता येत नाही, म्हणून संगणकाचा आधार घ्यावा लागतो. अमेरिकेत आयडाहो येथे घडवलेला रिलॅप५ हा प्रोग्रॅम भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभ्यासकांनीही अशा विश्लेषणासाठी वापरला आहे. अशा प्रोग्रॅममध्ये प्रवाहाचे लहान कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यातील वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च क्षणाक्षणाला मांडला जातो.

जमाखर्चाचे नियम पक्के आहेत. अडचण आहे ती उकळीला होणाऱ्या उशिराची. बुडबुडा धरायला सूक्ष्म ओरखडा, कण किंवा विरघळलेला वायू असे काही बीज लागते आणि तो वाढायला वेळही लागतो, तर सेकंदाला ५० मीटर वेगाने जाणारे पाणी ५ सेंटिमीटरची तोटी एक सहस्रांश सेकंदातच पार करते. तोवर ते अतितप्त, म्हणजे त्या दाबाच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापलेले असूनही द्रवच राहते. दाब उतरताच वाफ तत्काळ तयार होते असे मानणारे जुने समतोलाचे प्रतिमान म्हणूनच आखूड तोटीतील प्रवाह खऱ्याहून कमी दाखवते, आणि सुरक्षिततेच्या हिशेबात ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे. १९७१ मध्ये हेन्री आणि फाउस्के यांनी या असमतोलाला जागा देणारे सूत्र मांडले. १९९० मध्ये बिलिकी आणि केस्टिन यांनी अधिक मोकळी वाट दाखवली: वाफेचे प्रत्यक्ष प्रमाण समतोलातील प्रमाणाकडे हळूहळू सरकते आणि त्या सरकण्याला एक ठरावीक शिथिलन-काल लागतो. हा काल मात्र सिद्धांतातून निघत नाही. १९९६ मध्ये दाउनार-झापोल्स्की आणि सहकाऱ्यांनी तो फ्रान्समधील ‘मोबी डिक’ नावाच्या प्रयोगांच्या नोंदींवरून बसवला. सुबक समीकरणाच्या पोटात मोजून आणलेली एक संख्या असावी, यात उणेपणा नाही; ती कोठून आली हे विसरण्यात आहे.

म्हणूनच प्रयोगांच्या जुन्या नोंदी आजही जपल्या जातात. एडवर्ड्स आणि ओब्रायन यांचा १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यांपैकी एक: चार मीटर लांबीच्या नळीत हवेच्या दाबाच्या सत्तरपट दाबाखालचे, सुमारे २३० अंशांचे पाणी कोंडून टोकाची काचेची चकती फोडली गेली. त्या तापमानाला उकळी फुटावी असा दाब हवेच्या सुमारे २७ पट. परंतु दाबमापकाची रेघ क्षणभर त्याच्याही खाली गेली आणि मग सावरली. तेवढी खाच म्हणजे उकळीचा उशीर. समतोलाच्या प्रतिमानाला ती खाच काढताच येत नाही.

शिथिलन-कालाची पाण्यासाठी बसवलेली संख्या पेट्रोलला जशीच्या तशी लावता येत नाही. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत, इंजिन तापलेले आणि सिलिंडरमधील दाब कमी असताना, नोझलमधून निघणाऱ्या पेट्रोलमधील हलके घटक आधी उकळतात आणि जड घटक मागे राहतात. उकळी जोराची असली की वेगवेगळ्या छिद्रांतून निघालेले फवारे फुगून एकमेकांत मिसळतात, आणि इंधन आखलेल्या जागी न पडता भलतीकडेच जाऊन पडते.