बोलू न शकणाऱ्या अर्भकासाठी निर्णय कोणी घ्यावा?

जन्मतःच असाध्य व्याधी असलेल्या अर्भकाचा श्वास यंत्राच्या साहाय्याने किती काळ चालू ठेवावा, याविषयी भारतात स्वतंत्र कायदा नाही.

या प्रश्नाच्या अगदी जवळचे प्रकरण मुंबईत घडले, तेही जन्मापूर्वीचे. २००८ मध्ये मेहता दांपत्याच्या गर्भाला हृदयरोध असल्याचे निदान झाले, तेव्हा कायद्याने घातलेली २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. बाळाला जन्मापासून पेसमेकरवर जगवावे लागेल, असे सांगत त्यांनी डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात गर्भपाताची परवानगी मागितली. बाळाला गंभीर अपंगत्व येईलच हे वैद्यकीय अभिप्रायावरून सिद्ध होत नसल्याने ४ ऑगस्ट रोजी न्यायालयाने ती नाकारली. काही दिवसांतच गर्भपात होऊन तो प्रश्न मिटला. वाद मात्र मिटला नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाला गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही.

जन्मानंतर चित्र बदलते. इंजेक्शन देऊन जीवन संपविणे हा गुन्हाच आहे. जीवरक्षक उपचार थांबविण्यास सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणात २०११ मध्ये तत्त्वतः आणि २०१८ मध्ये घटनापीठाद्वारे मान्यता दिली. २०२३ मध्ये सुलभ केलेल्या प्रक्रियेनुसार प्रत्येकी तिघांची दोन वैद्यकीय मंडळे, कुटुंबीयांची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना पूर्वसूचना आवश्यक असते. या रचनेचा पाया सज्ञान व्यक्तीची इच्छा हा आहे. अर्भकाला इच्छापत्र करता येत नाही; त्याचे ‘सर्वोत्तम हित’ इतरांनीच ठरवायचे असते.

ब्रिटनमध्ये २०१७ साली चार्ली गार्ड या बाळासाठी आईवडिलांना उपचार हवे होते, डॉक्टरांना ते निरर्थक वाटत होते. न्यायालयाने डॉक्टरांची बाजू मान्य केली. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. डॉक्टरांची आशा संपण्याआधी कुटुंबाचे पैसे संपतात. नैतिकतेच्या चर्चेत ही बाब क्वचितच येते, हे खटकणारे आहे. जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारख्या आदिवासीबहुल तहसिलीतून व्हेंटिलेटरची गरज असलेले बाळ शहरात न्यावे लागते, आणि प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी यांचा हिशेब पहिल्याच दिवशी सुरू होतो. उपचार परवडेनासे झाले की अशी कुटुंबे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध बाळाला घरी नेतात. त्यासाठी कोणतेही मंडळ बसत नाही. डिस्चार्जच्या कागदावर वडिलांची सही किंवा अंगठा पुरतो.