चित्र बिघडतं ते नजरेमुळे

पेन्सिलीने चित्र काढायला बसलेल्या नवशिक्याची ठरलेली तक्रार असते, ‘माझा हातच वळत नाही.’ मग हात वळावा म्हणून तो रेघांच्या वह्या भरतो, पेन्सिलींचा महाग संच आणतो, छापील चित्रांवरून नक्कल करत बसतो. माझ्या मते दिशा चुकते ती इथेच. जो हात वेलांट्या-उकारांसह झरझर सही करतो, त्याला लोट्याचा काठ काढण्यापुरतं वळण आधीच आलेलं असतं. डेल कोहेन आणि सुसान बेनेट या संशोधकांनी १९९७ साली हाच प्रश्न तपासला. माणसांना समोरचं जसंच्या तसं काढता का येत नाही? त्यांच्या निष्कर्षात हाताचं कसब हे मोठं कारण ठरलं नाही. खरा दोष वस्तू चुकीची पाहण्यात निघाला. पुढे २००५ मध्ये कोहेन यांनी दाखवलं की, चांगलं रेखाटणाऱ्यांची नजर वस्तू आणि कागद यांच्यात अधिक वेळा ये-जा करते. नवशिका मात्र एकदा पाहतो आणि मग मान खाली घालून मनातलंच उतरवत राहतो.

मनातलं कसं आड येतं, ते आपल्याकडेच बघा. आपला बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. इथल्या खकनार तालुक्यातल्या मुलाला केळीचं पान लांबलचक असतं हे लहानपणापासून ठाऊक असतं आणि तेच ज्ञान इथे आडवं येतं. पान सरळ आपल्याकडे झुकलेलं असेल तर डोळ्यांना ते आखूड, रुंद दिसतं. मूल मात्र ते लांबच काढतं. म्हणून सरावाचा भर बघण्यावर हवा. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यावं: रुंदीच्या किती पट उंची? दोन पानांमधल्या मोकळ्या जागेचा आकार आधी काढावा. त्या जागेला नाव नसल्याने मन तिथे लुडबुड करत नाही. डोळे किलकिले केले की बारकावे पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे भाग कळतात. शेडिंग त्यानंतर. पेन्सिलीचंही गूढ काही नाही. शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. माती जास्त तर रेघ कडक, फिकी. ग्रॅफाइट जास्त तर मऊ, काळी. सुरुवातीला एचबी आणि ४बी एवढ्या दोन पुरतात.

यावर कुणी म्हणेल, नकलेतूनच तर मोठे चित्रकार घडले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्याच की! केल्या, पण प्रत्यक्ष भिंतीसमोर बसून, वर्षानुवर्षं. ती नक्कल म्हणजे निरीक्षणाचीच कठोर शाळा होती. मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो गिरवण्यात ते घडत नाही, कारण खोलीचं सपाटीत रूपांतर कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं. चित्रकलेत अवघड ते हेच, आणि शिकणाऱ्याच्या वाट्याला तेच येत नाही. महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत वस्तुचित्राला जागा आहे ती उगीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गावात शिक्षक नाही, साहित्य नाही. चांगल्या गुरूला पर्याय नाही, हे मान्य. इंदूरला दत्तात्रय देवळालीकरांसारखे शिक्षक होते, त्यांच्या हाताखाली चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकले. पण पहिल्या वर्षभराचा बराचसा अभ्यास माणूस एकट्याने करू शकतो, कारण चूक दाखवायला वस्तू समोर असते. चित्र तिच्या शेजारी उभं करावं, चार पावलं मागे जाऊन दोन्हींकडे पाहावं. कागदही भारी नको. वृत्तपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातच, नेपानगरला उभा राहिला. तसला साधा, खरखरीत कागद कच्च्या रेखाटनाला उत्तम. तो पुढे पिवळा पडतो, पण सरावाची चित्रं जपून ठेवायची नसतातच.

खकनार परिसरातल्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे: चित्रकलेच्या तासाला फळ्यावर आंबा काढून देऊ नका. टेबलावर खरा आंबा ठेवा आणि मुलांना तो आपापल्या जागेवरून काढू द्या.