संयुक्त ‘मानापमान’

कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावातील मुलांना एक दृश्य चांगले परिचयाचे आहे. बोरघाट चढण्यापूर्वी येथे अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. चढण अवघड असली, की एकाचे बळ पुरत नाही. मराठी रंगभूमीवरही एकदा असेच दोन बळे एकत्र आली.

गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन मातब्बर नाटक कंपन्या गावोगाव फिरून संगीत नाटके करीत. पहिलीचे प्रमुख नट बालगंधर्व, तर दुसरीचे केशवराव भोसले. दोघेही थोर गायक. म्हणून चुरसही मोठी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. त्यांच्या नावाने उभारलेल्या स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत खाडिलकरांचे ‘मानापमान’ मिळून केले. केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी.

पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे म्हणजे नुसते लुगडे नेसणे नव्हे. नुसती नक्कल हशा पिकवते. खरी भूमिका नटाचा विसर पाडते. शिवाय धैर्यधर गात असता भामिनीने ऐकावयाचे असते आणि भामिनी गात असता धैर्यधराने. तेथे वरचढपणा दाखविला, तर नाटकच मोडते.

त्यानंतर ३ महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. दोघांनी एकत्र येण्यास थोडा उशीर केला असता, तर हा योग रसिकांच्या वाट्यास आलाच नसता.