दुभाष्या गेल्यावर

१७९९ साली इजिप्तमध्ये रोझेटा गावाजवळ एक शिलालेख सापडला. एकच मजकूर त्यावर तीन लिप्यांत कोरलेला होता. त्याच्या आधारे शांपोलियाँने १८२२ मध्ये प्राचीन चित्रलिपीचा उलगडा केला. ॲपल कंपनीने आपल्या संगणकांतील एका दुभाष्याला याच शिळेचे नाव दिले. शिळा दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली. तिच्या नावाचा पहिला दुभाष्या मात्र जेमतेम पाच वर्षे.

हा दुभाष्या लागतो कशाला? आपण वापरतो तो प्रोग्रॅम शेवटी प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या रूपात साठवलेला असतो. या आज्ञांची भाषा प्रोसेसरच्या घराण्यागणिक वेगळी. इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ पासून चालत आलेले एक्स-८६ हे एक घराणे. १९८५ मध्ये ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीत जन्मलेले आर्म हे दुसरे. बेरीज दोघांनाही येते, पण 'बेरीज कर' हे सांगण्याचे आकडे निराळे. म्हणून एकासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर आपला आपण चालत नाही.

ॲपलने २००६ मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेल स्वीकारले, तेव्हा जुने प्रोग्रॅम 'रोझेटा' भाषांतर करून चालवत असे. २०११ च्या 'लायन' आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. २०२० मध्ये इंटेलकडून आर्मकडे जाताना 'रोझेटा २' आला. त्याचीही मुदत ठरली आहे: मॅकओएस २७ नंतर तो सर्वसाधारण वापरासाठी राहणार नाही, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. आर्मवर चालणाऱ्या विंडोजमध्येही असाच दुभाष्या आहे.

शिवाय दुभाष्याच्या कामाला मर्यादा आहेत. उपकरणांना संगणकाशी जोडणारे अनेक ड्रायव्हर यंत्रणेच्या गाभ्यात काम करतात. त्यांचे भाषांतर होत नाही, ते नव्या प्रोसेसरसाठी मुळातूनच तयार व्हावे लागतात. मराठी अक्षरजुळणीला ही गोष्ट थेट भिडते. युनिकोडपूर्व काळातील काही मराठी सॉफ्टवेअर 'डोंगल' नावाचे कुलूप संगणकाला लावल्याशिवाय उघडत नसत. त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या लॅपटॉपवर नसेल, तर सॉफ्टवेअर विकत घेतलेले असूनही दार बंदच.

तरीही सॉफ्टवेअर गेल्याचे दुःख नाही; दुसरे मिळते. प्रश्न त्यात टंकलेल्या मजकुराचा आहे. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी स्वतंत्र होती. फाँट गेला की कादंबरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक, षोडशमान पद्धतीत ०९१५, सगळीकडे तोच. तिथे प्रोसेसर कोणत्याही घराण्याचा असो, 'क' हा 'क'च राहतो.

म्हणून जुना संगणक भंगारात देण्यापूर्वीच हे रूपांतर करायला हवे. ते करणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. चुका होतात त्या याच ठिकाणी आणि जोडाक्षरांत. त्यामुळे जुन्या यंत्रावरून मूळ पानांची पीडीएफ किंवा कागदी प्रत काढून ठेवावी आणि रूपांतरित मजकूर तिच्याशी ओळीओळीने ताडावा.

अनेक लेखकांची आणि छोट्या प्रकाशकांची दोन-तीन दशकांची हस्तलिखिते आज अशाच फाइलींत पडून आहेत. छापील पुस्तक निदान ग्रंथालयात सापडेल. अप्रकाशित लेखनाची दुसरी प्रत कुठेच नसते. ते वाचू शकणारे यंत्र घरात चालू आहे, तोवरच हे काम सोपे आहे.