रेनाल्ड : लुटारू की रणनीतीकार?

हत्तीनच्या लढाईत ४ जुलै ११८७ रोजी क्रूसेडर सैन्याचा पाडाव झाला. सुलतान सलादीनने जेरुसलेमचा बंदिवान राजा गाय याला जीवदान दिले. मात्र शातियाँच्या रेनाल्डवर त्याने स्वतः तलवार चालविली.

फ्रान्समधून आलेला हा सरदार ११५३ मध्ये विवाहामुळे अँटिओकचा अधिपती झाला. पुढे त्याने ख्रिस्ती सायप्रस लुटले, तर अलेप्पोच्या कैदेत सुमारे १५ वर्षे काढली. ११७६ मध्ये सुटका झाल्यावर दुसऱ्या विवाहाने त्याला जॉर्डन नदीपलीकडील केराकचा किल्ला मिळाला. त्याच्या जहाजांनी तांबड्या समुद्रात हल्ले चढविल्याने मक्का-मदिनेच्या परिसरातही खळबळ उडाली. त्यानंतर तह मोडून त्याने काफिला लुटला आणि सलादीनला युद्धाचे कारण मिळाले.

मुस्लिम बखरकारांनी त्याला विश्वासघातकी ठरविले. युरोपात ब्ल्वाच्या पीटरने हुतात्मा म्हणून गौरविले. इतिहासकार बर्नार्ड हॅमिल्टन यांनी १९७८ मध्ये वेगळी मांडणी केली. केराक इजिप्त-सीरिया मार्गावर असल्याने तेथील स्वाऱ्यांचा हेतू सलादीनच्या सत्तेची जोडणी रोखण्याचा होता, असे त्यांचे म्हणणे. हेतू मान्य केला, तरी तहभंगाचा ठपका पुसला जात नाही. त्याची किंमत जेरुसलेमने मोजली. २ ऑक्टोबर ११८७ रोजी ते सलादीनच्या हाती गेले.