रबरी शिरेवरचे पहिले धडे

नर्सिंग कॉलेजमधल्या स्किल लॅबचा उद्देश अगदी साधा आहे: विद्यार्थ्याच्या हातून होणारी पहिली चूक जिवंत माणसाच्या अंगावर होऊ नये. ही सोय शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयाने मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करवून घेतली. ‘मिसेस चेस’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. पुढच्या सुधारित बाहुलीच्या दंडात इंजेक्शन देण्याची जागा आणि पोटात पाण्याची टाकी आली. १९६० मध्ये नॉर्वेतले खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी ‘रेसुसी ॲन’ तयार केली. आजची महागडी मॅनिकिन संगणकावर चालते. तिची छाती वरखाली होते, नाडी लागते आणि बाहुल्या आकुंचन पावतात, अर्थात डोळ्यांतल्या.

भारतात नर्सिंगची पदवी १९४६ पासून, दिल्ली आणि वेल्लोर इथून सुरू झाली. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली आणि स्किल लॅबच्या तासांना रीतसर जागा मिळाली. त्यामुळे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांनाही लॅबचा गांभीर्याने विचार करणे भाग पडले.

या सगळ्या साहित्यात खरी गुरू म्हणावी अशी वस्तू म्हणजे सलाईन लावण्याच्या सरावाचा हात. त्यात संगणक नसतो. मऊ कृत्रिम त्वचेखाली रबरी नळ्या फिरवलेल्या असतात आणि स्टँडला टांगलेल्या पिशवीतून त्यांत लाल पाणी उतरते. विद्यार्थिनी टूर्निकेट बांधते, बोटाने शीर चाचपते, गुलाबी टोपणाची २० गेजची कॅन्युला, म्हणजे सुईवर बसवलेली बारीक नळी, तिरकी धरून टोचते. सुई नळीत शिरली की मागच्या पारदर्शक कप्प्यात लाल रंग चढतो. खरी परीक्षा इथून पुढे असते. सुई तशीच पुढे रेटली तर शिरेची पलीकडची भिंत फुटते. म्हणून कोन कमी करायचा, किंचित पुढे जायचे, मग सुई स्थिर धरून फक्त कॅन्युला आत सरकवायची, टूर्निकेट सोडायचे, टोकाच्या वर शीर दाबून धरायची आणि मगच सुई काढायची. टूर्निकेट सोडायचे राहिले किंवा शीर दाबली नाही, तर चादर लाल होते. ही चूक विसरली जात नाही.

पण हाच हात एक फसवी सवयही लावतो. वापरून वापरून त्वचेवर भोके दिसू लागतात आणि विद्यार्थी शीर न चाचपता भोक शोधून टोचतात. नळ्याही गळू लागतात. तेव्हा त्वचा उतरवून नव्या नळ्या घालाव्या लागतात आणि पावडर लावून नवी त्वचा चढवावी लागते. चांगली ट्यूटर ही कामे वेळच्या वेळी करून घेते.

अडचण नेमकी इथेच येते. मॅनिकिन एकरकमी अनुदानातून घेता येते. त्वचा, नळ्या, कॅन्युला आणि देखभालीचा करार यांसाठी मात्र दरवर्षी पैसे लागतात. ती तरतूद नसेल तर यंत्र बिघडेल या धास्तीने त्याला कुलूप लागते. हिशेब साधा आहे: ६० जणांची बॅच, एकच हात आणि प्रत्येकाला १० मिनिटे धरली, तरी एकेका प्रयत्नासाठी १० तास जातात. आणि एका प्रयत्नात कॅन्युला लावता येत नाही. म्हणून एका बोलक्या मॅनिकिनपेक्षा असे सहा हात घेणे बहुतेक कॉलेजांसाठी शहाणपणाचे ठरेल.

दुसरी उणीव माणसांची आहे. अमेरिकेतल्या राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचे निम्मे तास सिम्युलेशनने भरून काढले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. पण तिथे शिक्षकांना या पद्धतीचे खास प्रशिक्षण होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर काय घडले, का घडले यावर शांतपणे चर्चा होत असे. हे दोन्ही नसताना फक्त निष्कर्ष उचलून वॉर्डातले तास कापणे धोक्याचे आहे. केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजे जाहीर केली. तिथे इमारतीइतकीच तातडीची गरज अशा शिक्षकांची आहे.

शिवाय रबरी शीर कधी सटकत नाही. म्हातारपणाने सैल झालेली शीर सुईखालून निसटते, जुलाबांनी सुकलेल्या मुलाची शीर हाताला लागत नाही, आणि मूल रडून हात ओढते तो भाग वेगळाच. हे वॉर्डातच शिकावे लागते. त्यामुळे लॅबचा सराव आणि वॉर्डचे पोस्टिंग यांत फार दिवस जाऊ नयेत, आणि पहिल्या काही वेळा शेजारी अनुभवी सिस्टर उभी असावी, अशी आखणी वेळापत्रकातच हवी.